सटीला दिलेला कागद

माझ्या थोरल्या लेकीच्या दाव्यातला सगळ्यात मोठा पुरावा मी माझ्या हातांनी खाडीत सोडायला दिला होता. आता हे मी हसत सांगते. तेव्हा चार वर्षं माहेराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण तेव्हा मी फार शहाणी होते. वय तेवीस, मॅट्रिक पास, इंग्रजीत छत्तीस गुण, म्हणजे लागतात त्यापेक्षा एक जास्तच. एवढ्या भांडवलावर मी अख्ख्या घराला अक्कल शिकवत असे.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते, रत्नागिरीच्या बाहेर, खाडीकाठी. आई रोज भाजीची टोपली घेऊन बाजारात बसायची. नवरा मुंबईला एका गोदामात कामाला, आणि सासर निवळीच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत. डॉक्टर मीच निवडला. निवडला कशावरून? तर त्याच्या प्रसूतिगृहाच्या खिडक्यांना निळे पडदे होते. पडदे पाहून डॉक्टर ठरवणारी बाई जगात दुसरी झाली नसेल.

कळा दुपारी सुरू झाल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. डॉक्टर एकदा येऊन "अजून वेळ आहे" म्हणाले आणि गेले ते गेलेच. माझ्यापाशी एक सिस्टर होती, माझ्याच वयाची, माझ्याइतकीच घाबरलेली. मूल बाहेर आलं आणि खोलीत कसलाच आवाज नाही. "मुलगा की मुलगी?" मी विचारलं. सिस्टर धावत बाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. शेजारच्या खोलीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिल्लासारखं बारीकसं रडणं ऐकू आलं आणि मी सुटले असं समजून डोळे मिटले.

"मुलगी आहे. जरा सुस्त आहे, होईल ठीक," डॉक्टर आल्यावर म्हणाले. पाचव्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी सोडलं, एक जाडसर छापील कागद हातात देऊन.

सहाव्या दिवशी आमच्यात सटी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, आणि पुढ्यात कोरा कागद नि लेखणी ठेवायची. सटी येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. काय लिहिलं ते माणसाला दिसत नाही आणि ते बघायचंही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांबरोबर तो कागद केळीच्या पानात गुंडाळून पाण्यात सोडतात.

तर त्या संध्याकाळी घरात कोरा कागद मिळेना. होते ते वाण्याच्या पुड्यांचे, तेलकट.

"अगो, रेघसुद्धा नको त्याच्यावर," आई म्हणाली. "कुणाकडनं तरी आणूया काय?"

"थांब," मी म्हटलं. उशीखालून दवाखान्याचा कागद काढला. एका बाजूला छापील चौकटी, त्यात सिस्टरच्या हातचं इंग्रजी. दुसरी बाजू पांढरीशुभ्र. "हा बघ कसा दणकट आहे. माझ्या मुलीचं नशीब काय पुडीच्या कागदावर लिहायचं?"

आईनं तो उलटसुलट करून पाहिला. "मागे लिवलाय गो काय तरी."

"इंग्रजी आहे ते. सटीला इंग्रजी येतं काय?"

आई हसली आणि कागद पाट्यापुढे ठेवला. सकाळी माझा बापूस तो खाडीत सोडून आला. झालं. शिकलेल्या मुलीनं घरातली अडचण सोडवली म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

पोरीनं मान तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धरायला हवी होती, ती वर्ष झालं तरी धरली नाही. हात ताठ व्हायचे, मुठी उघडायच्या नाहीत. बोंडल्यानं पाजलेलं दूध निम्मं बाहेर यायचं. मात्र डोळे लख्ख. कोण आलं, कोण गेलं, कुणी खोटं बोललं, सगळं तिला कळायचं. सासूबाई रोज अंगाला तेल चोळायच्या आणि म्हणायच्या, "काही मुलं उशिरा चालतात." शेजारणी म्हणायच्या, गरोदरपणी हिनं काहीतरी केलं असणार. मी शेजारणींशी भांडायचे. पण आतून मला वेगळीच खात्री होती.

कागदावरच्या त्या इंग्रजीतले दोन-तीन शब्द माझ्या छत्तीस गुणांना लागले होते. जन्माची वेळ, आणि पुढे 'उशिरा रडली' अशा अर्थाचं काहीतरी. मी मनाशी धरून बसले की सटीला मी कोरा कागद दिलाच नाही. तिच्यापुढे आधीच लिहिलेलं नशीब ठेवलं, मग तिनं त्यालाच मान डोलावली. उशिरा रडली, म्हणजे हिचं सगळंच उशिरा. आज माझ्या नातीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसते. मीही हसते. पण तेव्हा पोरीला मांडीवर घेतलं की हाच विचार मनात यायचा, आणि तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

ती चार वर्षांची होत आली तेव्हा रत्नागिरीच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचे पाय वाकवून पाहिले, तिच्याशी खेळले, मग मला समोर बसवलं.

"जन्मल्यावर लगेच रडली होती का?"

"नाही."

"मेंदूला प्राणवायू कमी पडलेला दिसतो. हे आजारपण नाही, ही इजा आहे. बाळंतपणाचे कागद आहेत ना तुमच्याकडे?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही. त्यांनी ती हो धरली. "मग एखाद्या वकिलाला विचारा. कोर्टात मोफत सल्ला देणारी समिती असते. हिला आयुष्यभर व्यायाम लागेल, माणूस लागेल. ते कुठून येणार, याचा विचार आत्ताच करा."

घरी येऊन मी कोर्टाची तयारी सुरू केली. तयारी म्हणजे भाषण. कोर्ट म्हणजे एका दिवसाचं काम अशी माझी कल्पना. आपण उभं राहायचं, बोलायचं, सगळ्यांनी रडायचं, न्यायाधीशांनी निकाल द्यायचा, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. गोठ्यात म्हशीपुढे उभी राहून मी रोज भाषण म्हणायचे. म्हैस रवंथ करत ऐकायची. तिनं एकदाही हरकत घेतली नाही, त्यामुळे माझा आत्मविश्वास फार वाढला. नवऱ्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "तुला झेपेल ते कर, सही लागली तर मी येईन. फक्त कुणाशी भांडू नकोस." भांडायचं नाही तर कोर्टात जायचं कशाला, असं मला वाटलं.

कोर्टाच्या पडवीत एक टंकलेखक बसला होता. त्यालाच वकील समजून मी अर्धं भाषण ऐकवलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "पोरगी किती वर्षांची?"

"चार पूर्ण झाली."

"मग संपलं, बाई. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत. घरी जा."

मी पायरीवर बसले. कडेवरच्या पोरीनं माझ्या केसांत मूठ अडकवली होती ती सोडवायचंही सुचेना. ज्या वर्षी जायला हवं होतं त्या वर्षी मी सटीला घाबरून गप्प बसले होते. परतीच्या गाडीला दीड तास होता. गाडी लगेच असती तर मी खरंच घरी गेले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. दीड तास बसायचं कुठं, म्हणून सल्ला समितीच्या खोलीत शिरले.

तिथले वकील म्हातारे होते, कोटाच्या खिशात शेंगदाणे ठेवून एकेक खाणारे. मी भाषण सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"बाई, भाषण चांगलं आहे. कागद कुठं आहे?"

"पुरात वाहून गेला."

"कुठल्या पुरात?"

"मोठ्या."

"तुमचं माहेर खाडीकाठी म्हणालात. घरात पाणी शिरलं होतं?"

"अंगणापर्यंत."

"मग कागद अंगणात काय करत होता?"

मी रडायला लागले आणि चार वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगून टाकलं. पाटा, दिवा, दणकट कागद, सटीला इंग्रजी येत नाही, सगळं. वकील आधी गंभीर होते. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मग ते इतके हसले की शेंगदाणा अडकून ठसका लागला आणि मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं.

"तीस वर्षं वकिली केली," ते डोळे पुसत म्हणाले, "पण देवीच्या नावे समन्स काढायची वेळ आली नव्हती. अहो, पत्ता काय घालू? रत्नागिरीची खाडी?"

"हसू नका हो. माझ्यामुळेच झालं तिचं हे."

त्यांनी हसणं थांबवलं. कागद ओढला आणि विचारलं, "मूल जन्मलं कधी?" मी वार सांगितला. "घरी कधी आलात? सटी कधी?" तेही सांगितलं. त्यांनी ते एकाखाली एक लिहून कागद माझ्याकडे फिरवला.

"वाचा. श्वास अडकला पहिल्या दिवशी. सटी आली सहाव्या दिवशी. जे पाच दिवस आधी होऊन गेलं त्याचा ठपका तुम्ही देवीवर ठेवता आणि स्वतःवरही. माझ्यासमोर असा साक्षीदार आला असता तर मी त्याला दोन मिनिटांत खाली बसवला असता."

मी ते तीन वार परत परत वाचले. इतकी साधी गोष्ट. शाळेत बेरीज शिकलेल्या कुठल्याही पोराला दिसली असती, मला चार वर्षं दिसली नव्हती. डोक्यावरची पाण्याची घागर कुणीतरी उतरवून घ्यावी तसं झालं.

"पण मुदत?" मी विचारलं. "ते बाहेरचे म्हणाले, संपली."

"ते बाहेरचे टायपिंग चांगलं करतात. मुदत कुणाची संपली? तुमची, आई-बापाची म्हणून काही मागणी असेल तर ती कदाचित गेली असेल. इजा कुणाला झालीय? हिला. ही अज्ञान आहे, अठराच्या आतली. ही सज्ञान होईपर्यंत हिची मुदत थांबून राहते, त्यानंतर तीन वर्षं. हिचा हक्क तुम्ही बुडवू म्हटलं तरी बुडत नाही."

मी पोरीकडे पाहिलं. ती वकिलांच्या शेंगदाण्यांकडे पाहत होती.

"आता काय करता येईल ते ऐका," ते म्हणाले. "पोलिसांत जाता येतं. त्यात झाली तर डॉक्टरला शिक्षा होईल, हिच्या हातात काही पडणार नाही. डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद असते, तिथं तक्रार करता येते. तिथंही त्यांचंच होईल ते होईल. ग्राहकांसाठी नवा कायदा आलाय म्हणतात, पण रोगी हा डॉक्टरचा ग्राहक की नाही यावर मोठमोठे वकील अजून डोकं खाजवतायत. हिच्यावर प्रयोग नको. आपण साधा दिवाणी दावा लावू, भरपाईचा. वादी ही. तुम्ही तिच्या वादमित्र."

"म्हणजे काय?"

"अज्ञान मुलाच्या वतीनं दावा चालवणारं माणूस. कोर्टाच्या भाषेत आजपासून तुम्ही हिची मैत्रीण. आणि कोर्ट फी परवडत नाही, तर ती भरल्याशिवाय दावा दाखल करू द्या असा अर्ज करता येतो."

"आणि कागद?"

"तुमच्याकडे होती ती नक्कल. प्रसूतिगृहात नोंदवही असणारच. ती आपण कोर्टामार्फत मागवू. मात्र त्या खोलीत होतं त्यातलं कुणीतरी बोलायला हवं. ती सिस्टर कुठं असते?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या आईला होतं. संध्याकाळी माहेरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "ती होय? ती तर माझ्याकडनंच भाजी नेते. तिथली नोकरी सोडलीन तिनं कवाच."

"चार वर्षं भाजी देतेस आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस कधी? तू तर मलाच शिकवायचीस."

दुसऱ्या दिवशी मी आईशेजारी टोपल्यांमागे जाऊन बसले. सिस्टर आली, मला पाहिलं, मांडीवरच्या पोरीला पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून उभीच राहिली.

"मी रोज येते ती हिच्या तब्येतीचं विचारायला," ती म्हणाली. "भाजी दुसरीकडेही मिळते."

तिनं सांगितलं ते असं. सिलिंडर होता, भरलेला होता. तो उघडायचा पाना डॉक्टरांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली डॉक्टरांबरोबर त्यांच्या घरी. तिनं माणूस पाठवला. तो येईपर्यंत ती हातात मिळेल त्या लोखंडानं सिलिंडरची कळ ठोकत होती आणि मधेमधे येऊन बाळाच्या तोंडात फुंकर घालत होती. "वहीत मी दोन्ही वेळा लिहिल्यात. जन्माची आणि रडण्याची. डॉक्टर म्हणाले खोड. मी नाही खोडलं. महिन्याभरात नोकरी सोडली."

"माझं काही चुकलं होतं का हो? कळा देताना?"

"तुमचं?" ती म्हणाली. "बाय, तुम्ही तर मलाच धीर देत होता. म्हणत होता, घाबरू नका, मी मॅट्रिक आहे."

आई एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडची कोळीण उठून बघायला आली. मला मात्र त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आणि ते खरं असणार याबद्दल शंकाही नव्हती.

सिस्टर साक्ष द्यायला तयार झाली. त्या आनंदात आईनं तिला लाल माठाच्या दोन जुड्या फुकट दिल्या, आणि रोज देऊ लागली. वकिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "साक्षीदाराला माठ देऊ नका! समोरचा वकील विचारील, किती जुड्यांत साक्ष ठरली?" त्या दिवसापासून आईनं सिस्टरकडून पुरे पैसे घ्यायला सुरुवात केली, वर चार आणे जास्त. "कायदा म्हंजे कायदा," म्हणायची.

दावा दोन वर्षं चालला. म्हशीपुढे म्हटलेलं भाषण कुणी विचारलं नाही. तारीख पडायची, मी पोरीला घेऊन जायचे, पडवीत बसायचे, पुढची तारीख घेऊन परत यायचे. डॉक्टरांनी उत्तर दिलं, मूल जन्मतःच अशक्त होतं आणि आईनं वेळेवर तपासणी करून घेतली नव्हती. ते वाचलं त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. अशा वेळी वकिलांनी लिहून दिलेले ते तीन वार ट्रंकेतून काढून वाचायचे. मग कोर्टानं नोंदवही मागवली. वही आली. पानावर सिस्टरच्या गोल अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या होत्या, न खोडता. त्या दोन आकड्यांच्या मधली जागा न्यायाधीशांनी बराच वेळ पाहिली. मोठ्या दवाखान्यातल्या ज्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं होतं त्यांनी आपलं मत लेखी दिलं. सिस्टर उभी राहिली आणि पाना, कपाट, किल्ली सगळं न अडखळता सांगून गेली.

पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी तडजोडीची गोष्ट काढली.

"चूक मान्य करतील का?" मी आमच्या वकिलांना विचारलं.

"तसं कुणी लिहून देत नाही. भरपाई देतील. नाही म्हटलंत तर निकाल लागेल, मग अपील, मग आणखी वरचं अपील. पोरगी लग्नाची होईल."

मी बराच वेळ विचार केला. आमच्या म्हाताऱ्या वकिलांना हे नवीन होतं. मग विचारलं, "ते वहीचं पान?"

"ते कोर्टाच्या कागदांत राहणार. त्याची नक्कल तुम्हाला मिळेल. ही मात्र कुठं सोडू नका."

अज्ञान मुलाच्या बाबतीत आई-बाप परस्पर तडजोड करू शकत नाहीत. ती मुलाच्या भल्याची आहे हे न्यायाधीशांना पटावं लागतं, हे मला तेव्हा समजलं. पैसे पोरीच्या नावे बँकेत राहणार, ती सज्ञान होईपर्यंत मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही. नवरा त्या दिवसासाठी मुंबईहून आला, सही केली आणि मुंबईची संध्याकाळची गाडी धरायला रत्नागिरीतच थांबला. त्याआधी न्यायाधीशांनी मला पुढे बोलावलं.

"बाई, तुम्ही या मुलीच्या वादमित्र. ही तडजोड तिच्या हिताची आहे असं तुम्हाला वाटतं? मोकळेपणानं सांगा."

आली वेळ! दोन वर्षं वाट पाहिली होती. भाषणातलं पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही आठवेना. माझ्या तोंडून निघालं ते असं: "साहेब, तिला बसायची खुर्ची करायचीय, दोन्ही बाजूंनी टेकू असलेली. सुतार म्हणतो सागवान लागेल. त्याला पैसे काढता येतील काय?"

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी खाली पाहून लिहिलं आणि मग वाचून दाखवलं, की व्याजातून मुलीचा औषधोपचार, व्यायाम आणि बसण्याच्या साधनाचा खर्च आईनं करावा. माझ्या अडाणी प्रश्नाला सरकारी भाषेत इतकी छान जागा मिळाली की मी त्यांना नमस्कारच घातला. वकिलांनी मागून पदर ओढला, "बास, बास, देऊळ नव्हे."

दुपारच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. पोरीला मांडीवर घेतलं, पदरानं बांधून घेतलं आणि हातखंब्याच्या आधीच मला झोप लागली. सहा वर्षांची साठलेली झोप ती. निवळी गेलं, आमचा थांबा गेला. आमची पोरगी जागी होती. तिला आमचं वळण, आमची विहीर, सगळं ओळखू येत होतं. ती ओरडत होती, माझा पदर ओढत होती. कंडक्टरला तिचं बोलणं कळेना. त्याला वाटलं, हट्ट करतेय. त्यानं तिला तिकिटांच्या गड्डीतलं एक रिकामा पुठ्ठा खेळायला दिला.

मी जागी झाले ती संगमेश्वरच्या स्टँडवर.

"काय हो बाई," कंडक्टर म्हणाला, "पोरगी मघापासून काहीतरी सांगतेय, तुम्ही उठाल तर शपथ."

पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिचं तिलाच हसू आलं. परतीची गाडी तासाभरानं होती. आम्ही दोघी स्टँडवरच्या बाकावर बसलो. मी एक चहा घेतला, बशीत ओतून गार करून तिला पाजला. निम्मा माझ्या साडीवर सांडला. घाई कसलीच नव्हती.